मिरची कांडप, व्हॉट्सॲप आणि रांग: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ताईंचं मिरची कांडप आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून नाव-गाव घातलेलं नाही आणि आकडे ढोबळ केले आहेत. बाकी प्रकरण घडलं तसंच आहे.

घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये २०१६ साली त्यांनी कर्ज काढून कांडप यंत्र बसवलं. लोखंडी मुसळं एकाआड एक खाली येतात आणि मिरची कुटली जाते. गावात पल्व्हरायझरची चक्की आहे, ती झटपट दळून देते. तरी वर्षाच्या चटणीला बायका कांडपच धरून बसतात. त्यामागे नुसती सवय नाही. वेगानं दळताना माल तापतो, आणि मसाल्यातली वासाची तेलं उष्णतेनं उडतात. कुटताना तेवढी उष्णता तयार होत नाही.

ताईंची कमाई दोन वाटांनी. पहिली कुटण्याची मजुरी. लोक मिरची वाळवून, देठं काढून आणतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. धणे, तीळ, खोबरं, खडा मसाला घरून भाजून आणतात. ताई कुटून, चाळून देतात. २०२३ साली मजुरीचा दर किलोला पन्नासेक रुपये होता. हे काम फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू होतं आणि पाऊस पडेपर्यंत चालतं. दुसरी वाट तयार चटणीची, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याची. ती वर्षभर जायची, पण महिन्याला बारा-पंधरा किलोच, आणि तीही ओळखीपाळखीत.

पुढचं सगळं ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट आधीच सांगते: ताईंचं यंत्र दिवसाला ८०-९० किलोच्या पुढे जात नाही. हंगामातल्या शनिवार-रविवारी ते सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेलं असतं, आणि जूननंतर जवळजवळ बंद.

अडचण

मुलगी बारावीला होती. तिच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च समोर दिसत होता. जून ते जानेवारी हे आठ महिने रिकामे जातात, त्यात तयार चटणी वाढवावी असं ताईंच्या मनात होतं. इंजिनिअरिंग डिप्लोमा करणारा पुतण्या म्हणाला, "काकू, इन्स्टावर टाकू. बघा काय होतंय ते."

ऑगस्ट २०२३ मध्ये त्यानं स्वतःच्या फोनवरून खातं उघडलं आणि एक रील टाकली. लालभडक ब्याडगी मुसळाखाली पडते, उसळते, पुन्हा पडते. मागं त्या महिन्यात चाललेलं एक गाणं. रील धावली. दोन आठवड्यांत दोन लाखांच्या वर लोकांनी पाहिली. घरात आनंद झाला. पुतण्यानं खात्याच्या नावापुढे लाल मिरचीचं चित्र लावलं.

मग प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. "प्राइस प्लीज" लिहिणारे इंदूर, सुरत, हैदराबादचे. बऱ्याच जणांना चटणी नकोच होती, यंत्र कितीला मिळतं ते हवं होतं. एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "फूड लायसन्सचा नंबर आहे का?" नंबर नव्हता, म्हणून पुतण्यानं ती कॉमेंट पुसून टाकली. त्या माणसानं पुन्हा तीच टाकली आणि खाली हसण्याची चित्रं जोडली.

ऑर्डरी आल्या त्या जेमतेम आठ-नऊ पार्सलांच्या. चटणीत मीठ आणि तेल असतं, पिशव्या किराण्याच्या साध्या होत्या. सुरतला गेलेल्या पार्सलमध्ये तेल झिरपलं आणि खोका तळापासून लाल झाला. गिऱ्हाइकानं त्याचा फोटो काढून रीलखालीच टाकला. कुरिअर, नवी पिशवी आणि परत पाठवलेला माल यांचा हिशेब केला, तर त्या आठ-नऊ पार्सलांत पदरचेच पैसे गेले होते.

सप्टेंबरात एक फोन आला. समोरचा स्वतःला सैन्यातला म्हणवत होता, कॅम्पच्या भटारखान्यासाठी चाळीस किलो चटणी हवी होती, पैसे आगाऊ देणार होता. व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा फोटो आला, पाठोपाठ क्यूआर कोड. "हे स्कॅन करा, पिन टाका, तुमच्या खात्यात पैसे जमा होतील." ताईंनी कोड स्कॅन केला. पिन टाकायला बोट उचललं तेवढ्यात शेजारी अभ्यास करत बसलेली मुलगी म्हणाली, "आई, पैसे घ्यायला पिन कशाला लागतोय?" ताईंनी फोन ठेवून दिला. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला कधीच लागत नाही. सैन्याच्या नावानं मोठी ऑर्डर देण्याचा हा डाव जुना आहे, आणि नव्यानंच नंबर जाहीर केलेला छोटा धंदेवाईक त्याला सोपा सापडतो. पैसे गेले असते तर लगेच १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा लागला असता. इथे ती वेळ आली नाही.

ऑक्टोबरात ताई माझ्याकडे सल्ल्याला आल्या तेव्हा त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "ते खातं बंद करून टाकू का?" दिवाळी महिन्यावर आली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ताईंचाच: सगळं बंद करायचं आणि शेडवरचा फलक तेवढा नवा रंगवायचा. हा वाटतो तितका वेडा विचार नव्हता. हंगामातल्या शनिवार-रविवारी यंत्र भरलेलंच असतं, आणि गावात त्यांना ओळखत नाही असं घर थोडं. पण आठ महिन्यांचा प्रश्न फलकानं सुटत नाही.

दुसरा पुतण्याचा: आणखी रील्स, देशभर कुरिअर. त्याच्या बाजूनं दोन लाखांचा आकडा होता. विरोधात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे खर्च: किलोभर चटणी लांब पाठवायला कुरिअर शंभराच्या वर जातं आणि ताईंचा किलोमागचा नफाच साधारण तेवढा होता. दुसरी गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीसाठी उलाढालीची मर्यादा आहे. नुसता माल विकणाऱ्याला ४० लाख, आणि मजुरीसारखी सेवाही देत असेल तर २० लाख. ताई त्याच्या आसपासही नव्हत्या. मात्र करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला, तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना यात सूट आहे, चटणीला नाही. म्हणजे सुरत आणि इंदूरची पार्सलं नियमात बसतच नव्हती.

तिसरा पर्याय सांगलीतल्या एका एजन्सीचा. महिन्याला बारा पोस्ट, सणांच्या शुभेच्छा, डिझाइन, सगळं मिळून आठ हजार रुपये. नमुने छान होते. पण हे आठ हजार वसूल व्हायला महिन्याला ऐंशीएक किलो चटणी जास्तीची विकावी लागली असती. हा हिशेब कागदावर मांडल्यावर ताईंनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक "मार्केटिंगवाल्या"ला तोच दाखवत.

चौथा पर्याय: जे आधीपासून ओळखतात त्यांच्यापासून सुरुवात. व्हॉट्सॲप बिझनेस (धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप), गूगलवर नकाशात नोंद, आणि इन्स्टाग्राम फक्त ओळखीपुरतं. यात चमक नव्हती. पुतण्याचं तोंड उतरलं.

मी चौथ्याच्या बाजूनं होते, आणि कारण साधं होतं. तयार चटणीचं खरं गिऱ्हाईक सुरतेत बसलेलं नव्हतं. ते पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या, याच तालुक्यातल्या पोरांच्या घरात होतं. त्यांच्या आया ताईंकडे दर उन्हाळ्यात येत होत्याच. त्या पोरांना ही चव माहीत होती, वर्षाची चटणी करायला त्यांच्याकडे गच्ची नव्हती आणि वेळही नव्हता.

काय केलं

*आधी कागद.* कुठलीही पोस्ट टाकण्यापूर्वी अन्न सुरक्षा नोंदणी केली. त्या वेळी १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना साधी नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी नंबर आला. जाड, तेल न झिरपणारी पिशवी घेतली आणि तिच्यावर लेबल: घटक, निव्वळ वजन, किंमत, भरल्याची तारीख, किती महिन्यांत वापरावं, पत्ता, हिरवा ठिपका आणि हा नंबर. मग पुतण्याकडून त्या जुन्या रीलखाली, लायसन्स विचारणाऱ्याला उत्तर म्हणून, नंबर लिहून घेतला. त्यानं अंगठा दाखवला. पुढं त्यानं काही विकत घेतलं नाही, पण तो विषय मिटला.

*कुठला नंबर?* यावर सगळ्यात जास्त वाद झाला. मुलीचं म्हणणं, धंद्याला नवं सिम घ्यावं, म्हणजे आईच्या फोनवर रात्रंदिवस लोक येणार नाहीत. ऐकायला बरोबर. पण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा पोचेल असा, पाठवलेला संदेश त्यालाच पोचतो ज्यानं आपला नंबर साठवून ठेवलाय. ताईंचा जुना नंबर सात वर्षांत शेकडो फोनमध्ये "कांडप काकू", "चटणी ताई" अशा नावांनी पडून होता. हे नवं सिम घेऊन मिळणारं नव्हतं. म्हणून उलटं केलं: जुना नंबर व्हॉट्सॲप बिझनेसवर नेला आणि नवं सिम घरच्यांसाठी घेतलं.

याचा एक गमतीशीर त्रास झाला. या ॲपमध्ये स्वागताचा आपोआप जाणारा संदेश लावता येतो. तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, आणि चौदा दिवस बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. मुलीनं तो सगळ्यांसाठी सुरू ठेवला. भाऊबिजेला कधी येतेस म्हणून ताईंच्या भावानं विचारलं, तर त्याला उत्तर गेलं: "नमस्कार! आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद." भावाचा तडक फोन. "काय गं, आता आम्हालाबी गिऱ्हाईक केलंस का?" त्याच रात्री माहेरचे सगळे नंबर त्या संदेशातून वगळले.

*यादी.* एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा. ताईंनी वहीतून आणि फोनमधून नावं काढली आणि तीन याद्या केल्या: गावातल्या, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या, आणि "बाहेरगावची पोरं". तिसरी यादी सुरुवातीला अगदी लहान होती. ती वाढवायला जाहिरात केली नाही. दिवाळीच्या चटणीच्या प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घातली: "मुलाला-मुलीला पुण्या-मुंबईत चटणी हवी असेल, तर हा नंबर साठवून एक मेसेज करायला सांगा." मालाची पोच खाजगी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं. आपल्याकडं डबा असाच जातो: रात्री गाडीत ठेवायचा, सकाळी कात्रजला किंवा सायनला उतरवून घ्यायचा. कुरिअरपेक्षा स्वस्त, आणि गाडीवाल्यांना तेलकट डब्यांची सवय असते. पैसे आधी यूपीआयनं.

*गूगलवरची नोंद.* ही फुकट असते आणि लोक ती विसरतात. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला: रस्ता, फलक, शेड, चालू यंत्र. नकाशातली खूण आधी मागच्या गल्लीत पडली होती, ती ओढून जागेवर आणली. वेळ, फोन आणि काय कुटून मिळतं ते मराठीत लिहिलं. इथून जे लोक आले त्यांचा आम्ही विचारच केला नव्हता: बँकेत, शाळेत, साखर कारखान्यात बदलीवर आलेली कुटुंबं. त्यांना गावात विचारायला कुणी नसतं, म्हणून ते फोनला विचारतात.

*इन्स्टाग्राम.* खातं बंद केलं नाही. ते व्यवसायाचं खातं केलं, तेव्हा चालू गाण्यांतली बरीचशी वापरायला मिळेनात. अशा खात्यांना गाण्यांचा साठा मर्यादित असतो. पुतण्या नाराज. मग एक रील नुसत्या मुसळाच्या आवाजावर टाकली. धप, धप, धप, आणि मधेच ताईंचा ठसका. माझ्या मते तीच सगळ्यात चांगली होती. पाहणारे हजारोच होते, लाखो नव्हे. पण खाली "आईच्या गावची आठवण आली" असं लिहिणारे मराठी लोक होते. परिचयात स्पष्ट लिहिलं: पार्सल फक्त महाराष्ट्रात.

*पैसे देऊन जाहिरात.* एकदाच केली, जानेवारी २०२४ मध्ये. एका पोस्टला आठवडाभर, वीस किलोमीटरच्या आत, दीड हजार रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. फोन पुष्कळ आले. त्यातले निम्मे पुन्हा यंत्र कुठून घेतलं ते विचारणारे. पोस्टमध्ये यंत्राचाच फोटो मोठा होता, त्यामुळे त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. पुन्हा जाहिरात केली नाही.

हंगामातलं वळण

फेब्रुवारीच्या शेवटी कांडप सुरू झालं आणि दुसऱ्याच रविवारी गूगलवर पाचपैकी एकच तारा देणारा अभिप्राय पडला. "काम चांगलं, पण अडीच तास बसवून ठेवलं. लहान मूल खोकून बेजार." पुतण्यानं रागानं उत्तर लिहून तयार ठेवलं होतं: हंगामात सगळीकडेच गर्दी असते, घाई असेल त्यांनी पाकीट घ्यावं, वगैरे. ताईंनी ते पाठवू दिलं नाही. "ती खोटं बोललेली नाही," एवढंच म्हणाल्या.

इथपर्यंत आम्ही सगळे एकच विचार करत होतो: नवी माणसं कशी येतील. त्या एका ताऱ्यानं दुसरीच बाजू दाखवली. शनिवार-रविवारी रांग शेडच्या बाहेर, आणि मंगळवारी-बुधवारी यंत्र दुपारीच थांबलेलं. आठवड्याचा हिशेब मांडला तर यंत्राची निम्मी ताकद वाया जात होती. आणि रविवारी रांग पाहून परत फिरणारी बाई नंतर पल्व्हरायझरवर जात होती.

मग व्हॉट्सॲपवर नंबर लावायला सुरुवात केली. दिवसाचे आठ नंबर, एका नंबराला दहा किलोपर्यंत. त्यातले सहा फोनवरून घ्यायचे, दोन मोकळे ठेवायचे. मोकळ्या दोनांसाठी मी आग्रह धरला असं नाही. तो ताईंचा निर्णय. वाडीवरची म्हातारी मिरचीचं बाचकं घेऊन एसटीनं येते, तिच्याकडे कसलं व्हॉट्सॲप? तिला परत पाठवायचं नाही.

रोज सकाळी स्टेटसला एक ओळ: आज कुठले नंबर मोकळे आहेत, उद्याचे किती उरलेत, लाईट कधी जाणार आहे. ही शेवटची माहिती लोक सगळ्यात जास्त बघत. कांडप नाही करायचं ती माणसंही लाईटसाठी ताईंचं स्टेटस बघू लागली.

टंकायचं कसं, हा प्रश्न होता. मुलीची बारावीची परीक्षा नेमकी याच दिवसांत, आणि ताईंचे हात दिवसभर तिखटाचे. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शेडच्या बाहेर खुंटीला टांगला. उत्तरं दिवसातून दोनदाच, दुपारी जेवणाआधी आणि रात्री आठला, आणि तीही बोलून पाठवायची. "वैनी, तुमचा बुधवारी सकाळचा दुसरा नंबर. मिरची कडक वाळवून आणा, मागच्या वेळेला ओली होती." असा आवाज गेला की पलीकडून उलट प्रश्न येत नाही. नंबराची नोंद मात्र वहीतच. व्हॉट्सॲपमध्ये गिऱ्हाइकांच्या नावांना खुणेची लेबलं लावायचा प्रयत्न दोन दिवसांत सोडून दिला.

त्या एक ताऱ्याला पंधरा दिवसांनी उत्तर दिलं: आता नंबर लावून घेतो, पुढच्या वेळी आधी मेसेज करा, थांबावं लागणार नाही. त्या बाई मे महिन्यात पुन्हा आल्या. तारा काही बदलला नाही.

निकाल

२०२४ च्या हंगामात कुटलेल्या मालाचं वजन आदल्या वर्षापेक्षा साधारण पाचव्या हिश्शानं वाढलं. वाढ जवळजवळ सगळी सोमवार ते शुक्रवारची. तयार चटणी दिवाळीनंतर महिन्याला तीस किलोच्या आसपास स्थिरावली आणि पावसाळ्यात पस्तीसच्या वर गेली. निम्म्याहून जास्त "बाहेरगावच्या पोरां"ना.

हे सगळं फोनमुळे झालं, असं म्हणायला मी तयार नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात ब्याडगी फार महाग होती. बऱ्याच घरांनी त्या वर्षी निम्मीच चटणी केली. २०२४ मध्ये भाव उतरले. इतके, की मार्चमध्ये कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजार समितीत चिडलेल्या शेतकऱ्यांनी जाळपोळ केली. मिरची स्वस्त झाली की कांडपावर माल वाढतोच, ताई व्हॉट्सॲपवर असोत वा नसोत. पाचव्या हिश्श्यातला किती वाटा मिरचीच्या भावाचा आणि किती नंबर पद्धतीचा, हे वेगळं काढता येत नाही. मधल्या वारी यंत्र चालू राहिलं ते मात्र स्वस्ताईनं नाही; स्वस्ताईची गर्दीसुद्धा रविवारीच आली असती.

दोन लाख लोकांनी पाहिलेल्या त्या पहिल्या रीलमधून आलेलं आणि टिकलेलं गिऱ्हाईक शोधायचा प्रयत्न केला. डोंबिवलीतली एक बाई सापडली. मूळची कवठेमहांकाळची.

वेगळं काय करता आलं असतं

खातं कुणाच्या नावावर आहे, हे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं. इन्स्टाग्रामचं खातं पुतण्याच्या ईमेलवर आणि फोनवर होतं. जून २०२४ मध्ये तो चाकणला नोकरीला लागला, त्याचा फोन बदलला, आणि सहा आठवडे ताईंना स्वतःच्या धंद्याचं खातं उघडता येत नव्हतं. पुतण्याची नियत चांगली होती म्हणून प्रश्न सुटला. भांडण झालं असतं तर? ताईंच्या नावाचा ईमेल आणि दोन टप्प्यांची सुरक्षा, हे रीलच्या आधीचं काम होतं. आता पासवर्ड मीटरच्या डब्यामागे एका कागदावर आहे. सुरक्षेचे जाणकार हसतील, पण तो ताईंच्या ताब्यात आहे.

"कुणाकडून कळलं?" हा प्रश्न वहीत फार उशिरा आला. एप्रिलपासून त्याचा रकाना सुरू झाला. तो ऑक्टोबरात असता तर दीड हजारांची जाहिरात कदाचित झालीच नसती, आणि पुतण्याशी महिनाभर चाललेला वादही लवकर मिटला असता. त्यानं आकडा मागितला होता आणि आमच्याकडे नुसती मतं होती.

नोंदणीचा क्रम उलटा पडला हे तर दिसतंच आहे. मात्र रील आधी टाकली नसती तर ताई हलल्याच नसत्या, असंही मला वाटतं. लाल खोक्याच्या फोटोनं त्यांना जाड पिशवी घ्यायला लावलं. माझ्या सांगण्यानं त्या घेतल्या असत्या का, शंकाच आहे.

आणि एक उणीव अजून तशीच आहे. मुलगी जूनमध्ये शिकायला पुण्याला गेली. व्हॉट्सॲपवरच्या कॅटलॉगमधल्या (मालाच्या यादीतल्या) किमती, याद्यांत नवी नावं घालणं, गूगलवरच्या वेळा बदलणं हे सगळं तिच्या हातात होतं. ऑगस्टमध्ये चटणीची किंमत वाढवली, ती कॅटलॉगमध्ये बदलायची राहिली आणि तीन गिऱ्हाइकांना जुन्या भावानं माल द्यावा लागला. एकट्याच्या धंद्यात घरातलं पोर हीच फोनची व्यवस्था असते. ते पोर कधीतरी घराबाहेर पडणार, हे धरून काम वाटायला हवं होतं. आता मुलगी महिन्यातून एकदा घरी आली की किमती तपासते, बाकी ताई बोलून भागवतात.

सध्या अडलेला निर्णय

२०२५ च्या हंगामापासून सीमेपलीकडची मागणी वाढली आहे. कागवाड मिरजेला लागून आहे, निपाणीत पुष्कळ घरांत मराठीच बोलतात. दोन्हीकडे ताईंच्या गावच्या लेकी दिल्या आहेत. पण दोन्ही गावं कर्नाटकात. ज्या स्वतः येऊन शेडमधून माल नेतात त्यांची अडचण नाही, असं करसल्लागारानं सांगितलं. गाडीनं डबा पाठवायचा तर नोंदणी हवी. कंपोझिशनची, म्हणजे छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची, सोपी वाट इथे चालत नाही, कारण त्यात परराज्यात माल पाठवता येत नाही. साधी नोंदणी घेतली तर गावातल्या चटणीवरही ५ टक्के कर लागणार, विवरणपत्रं भरावी लागणार, आणि सल्लागाराची फी महिन्याला हजार रुपये.

किलोमागे शंभर रुपये सुटतात असं धरलं, तर नुसती फी निघायला महिन्याला दहा किलो चटणी सीमेपलीकडे जायला हवी. वहीतल्या नोंदी सहा-सात किलोच्या आहेत. ताईंनी नोंदणी तूर्त घेतलेली नाही. निपाणीच्या गिऱ्हाइकांना त्या बोलून कळवतात: "माहेरी आल्यावर न्या, बाजूला काढून ठेवते."